खंडारे साहेबांचा मच्छी-दौरा

माझ्या लग्नात खंडारे साहेबांनी माझ्या मामूंच्या कानातला अत्तराचा फाया काढला होता. मामू पंगतीत बसून बिर्याणी खात होते. साहेब समोरून आले, "एक मिनिट" म्हणाले आणि मामूंच्या कानातून तो कापसाचा बोळा उचलला. दोन्ही हातांच्या चिमटीत धरून तो हळूच ओढला, उजेडाकडे धरून पाहिला आणि म्हणाले, "आखूड धागा हाय. शेवटच्या वेचणीचा कापूस हाय हा." मग फाया जिथून काढला होता तिथं परत ठेवून दिला आणि पुढच्या पंगतीकडे गेले. हा माणूस कोण, हे मामू दोन दिवस प्रत्येकाला विचारत होते.

हा माणूस म्हणजे मधुकर खंडारे, दिग्रसच्या सरकारी कापूस खरेदी केंद्रावरचा ग्रेडर. कापसाची गाडी आली की ढिगात कोपरापर्यंत हात घालायचा, एक पुंजका काढायचा, धागा किती लांब निघतो ते ओढून पाहायचं, ओल किती, कचरा किती ते बोटांनी जोखायचं आणि प्रत सांगायची. त्या प्रतीवर भाव. मी रफीक, त्याच केंद्रावरचा काटेवाला. म्हणजे वजनाचे काटे दुरुस्त करणारा. या गोष्टीत पुढं माशाचेही काटे येणार आहेत, म्हणून माझे कोणते ते आधीच सांगून ठेवतो.

साहेबांना जगातला कुठलाही कापूस तसाच सोडता येत नसे. इंजेक्शन देताना डॉक्टरांनी स्पिरिटचा बोळा हातात घेतला की हे दंड बाजूला ठेवून बोळा मागायचे. शेजारच्या काकूंनी दिवाळीसाठी वळून ठेवलेल्या वाती त्यांनी एकदा पुन्हा पिंजून दिल्या होत्या. गादीवाला पिंजारी त्यांना पाहिलं की गल्ली बदलायचा. कापूस नसेल तिथं ते माणसांची प्रत ठरवत. आमचा चपराशी त्यांच्या मते सुपर होता, पण ओला. मी बराच काळ 'मध्यम, सुधारण्यास वाव' होतो.

आणि एक गोष्ट त्यांना अजिबात खपत नसे. तुम्ही कशालाही नुसतं 'चांगलं' म्हणालात की त्यांचा हात वर जायचा. "चांगलं हा ग्रेड नसते," ते म्हणायचे. चहा चांगला आहे म्हणालात तर कसा चांगला, गोडीनं की आल्यानं, दूध जास्त की पत्ती जास्त, सगळं सांगावं लागायचं. मी केंद्रावर लागल्यापासून त्यांना माझ्या डब्याचं असं रोज बयान दिलं आहे. माझ्या बायकोच्या हातच्या भाजीबद्दल मी तिच्याशी जेवढा बोललो नसेन तेवढा खंडारे साहेबांशी बोललो आहे.

ती वर्षं कापसाची वाईट वर्षं होती. भाव पडलेले. बोंडात अळी. केंद्र उशिरा उघडायचं आणि कधी बंद होईल याचा नेम नसायचा. गाड्यांची रांग जिनिंगच्या, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्याच्या, फाटकापासून सुरू व्हायची आणि तिचं शेपूट आम्हाला दिसायचं नाही. चार दिवस रांगेत काढलेल्या माणसाला, तुझा कापूस ओला आहे, हे सांगणं साहेबांच्या वाट्याला यायचं. व्यापाऱ्यांची माणसं वेगळीच कुजबुज करायची, प्रत जरा खाली सांगा म्हणून, म्हणजे तोच कापूस त्यांना स्वस्तात मिळावा. साहेब कुणाचंच ऐकत नसत, त्यामुळे शिव्या दोन्हीकडून मिळत. एकदा एका माणसानं रागानं कापसाचा अख्खा भारा त्यांच्या अंगावर फेकला. साहेबांनी शर्टाला चिकटलेला एक पुंजका काढला, पुन्हा ओढून पाहिला आणि तीच प्रत पुन्हा सांगितली. तो माणूसच शेवटी हसला.

पण साहेब हसले नाहीत. संध्याकाळी मी त्यांच्याबरोबर चालत घरापर्यंत जायचो, तेव्हा ते एक शब्द बोलायचे नाहीत. दारात चप्पल काढायचे, हातपाय धुवायचे आणि पेपर उघडून बसायचे. पेपर चांगला मोठा उघडायचे, म्हणजे पलीकडचं काही दिसू नये इतका.

पलीकडे सुनंदाभाभी असायच्या. भाभी मूळच्या गुहागरकडच्या, ऐन समुद्रकाठच्या. त्यांचे वडील आणि साहेबांचे वडील दसऱ्याला नागपूरला दीक्षाभूमीवर आलेले, दोघांचे मुक्काम शेजारी-शेजारी पडले. एकानं भाकरी दिली, दुसऱ्यानं सुक्या मासळीचं कालवण दिलं, आणि तिथंच सोयरीक ठरली. भाभी दिग्रसला आल्या तेव्हा त्यांच्या सामानात एक पोतडी सुक्या बोंबलांची होती. पहिल्या आठवड्यात त्यांनी नवऱ्याला विचारलं होतं की इथून समुद्र कोणत्या बाजूला येतो. साहेबांनी मावळतीकडे हात केला आणि सांगितलं की रात्रभर गाडी, मग दिवसभर गाडी, आणि मग पुन्हा गाडी. भाभींनी त्यानंतर विचारलं नाही. सव्वीस वर्षं त्यांनी बाजारातल्या सुक्या मासळीवर काढली, मुलगी वाढवली, तिचं लग्न करून तिला पुण्याला धाडली. आता घरात दोघंच होती, आणि मध्ये पेपर.

दसरा होऊन गेला होता. खरेदीला अजून अवकाश होता. केंद्राच्या आवारातल्या कडुलिंबाखाली आम्ही दोघं चहा घेत होतो, तेव्हा साहेबांनी कप खाली ठेवून सांगितलं की सुनंदा दिवाळीनंतर भावाकडे जाते आहे, आणि तिथंच राहीन म्हणते.

मी माझाही कप खाली ठेवला. भांडण झालं का, विचारलं. नाही म्हणाले. मग?

"मच्छी," साहेब म्हणाले.

त्यांनी सगळा विचार करून ठेवला होता. समुद्राकाठची बाई, सव्वीस वर्षं समुद्राच्या ताज्या मच्छीवाचून राहिली. याहून दुसरं कारण असूच शकत नाही. तेव्हा यवतमाळ जिल्ह्यात समुद्राची ताजी मच्छी मिळते हे एकदा दाखवून दिलं की प्रश्न मिटला. मी म्हणालो की साहेब, जिल्ह्यात समुद्र नाही. ते म्हणाले की ते त्यांना माहीत आहे, पण हॉटेलं आहेत. आणि ते खरं होतं. कापसाला विटलेल्या पुष्कळ लोकांनी त्या दिवसांत रस्त्याकडेला धाबे टाकले होते, आणि त्यांतल्या काहींवर 'सी-फूड' अशा पाट्याही लागल्या होत्या. साहेबांनी तीन गावं ठरवली होती. शनिवारी पुसद आणि यवतमाळ, रविवारी वणी. एसटीनं.

"मले कायले नेता?" मी विचारलं.

"तुही जीभ पाहिजे," ते म्हणाले. मला ती थट्टा वाटली.

पुसदचं हॉटेल स्टँडपासून जवळ होतं. नाव सागर-किनारा. भिंतीवर नारळाची झाडं आणि एक जहाज रंगवलेलं होतं. झाडांपेक्षा जहाज लहान होतं. वाढणाऱ्या माणसाच्या डोक्यावर खलाशाची पांढरी टोपी होती. साहेबांनी सुरमई मागवली. मसाल्यात लाल झालेले दोन तुकडे आले. मी हात पुढं केला तर त्यांनी थांब म्हणून खूण केली. एका तुकड्यातून मांसाचा पुंजका काढला, दोन्ही हातांच्या चिमटीत धरला आणि ओढला. अगदी कापसासारखा. शेजारच्या टेबलावरचे लोक जेवायचे थांबले. साहेबांनी तो पुंजका सोडून दुसरा घेतला, आणि त्यातून एक बारीक, टोकाशी दुभंगलेला काटा निघाला. तो त्यांनी ताटलीच्या कडेवर आडवा ठेवला आणि उठून सरळ स्वयंपाकघरात गेले. मी मागोमाग.

त्यांनी आचाऱ्याला माशाचं मुंडकं दाखवायला सांगितलं. आचारी भला माणूस होता. त्याला कळलं की हा माणूस मुंडकं पाहिल्याशिवाय जाणार नाही. टोपलीतून त्यानं रोहूचं डोकं काढून दाखवलं. धरणातला रोहू होता. सुरमईला मधला काटा सोडला तर मांसात असे दुभंगलेले काटे नसतात, हे साहेबांना भाभींनी लग्नानंतर कधीतरी सांगितलं होतं, आणि ते त्यांच्या लक्षात राहिलं होतं. आचारी म्हणाला की साहेब, इथं सुरमई कोण ओळखते. साहेबांनी शांतपणे सांगितलं की मच्छी ताजी आहे, तळणही नीट आहे, नाव तेवढं खोटं आहे. पाटीवर रोहू लिहिलंत तर सुपर ग्रेड, सुरमई लिहिलंत तर नापास.

परत येऊन मी दोन्ही तुकडे खाल्ले. मला मच्छी आवडली. चांगली आहे म्हणालो. हात वर गेला. मग तिखट आधी लागतं की नंतर, कड कुरकुरीत आहे की कडक, लिंबू कुठं जाणवतो, अशी उलटतपासणी झाली. ते स्वतः थोडं खाऊन पाणी प्यायले. प्रत्येक उत्तराला मान हलवत होते.

यवतमाळला पोचेपर्यंत संध्याकाळ झाली. तिथलं हॉटेल गार हवेचं होतं. दाराशी काचेच्या पेटीत सोनेरी मासे फिरत होते. साहेबांनी त्या माशांकडेही जरा जास्तच वेळ पाहिलं, मॅनेजर अस्वस्थ झाला. इथं पापलेट होतं, आणि ते खरं पापलेट होतं. चपटं, रुपेरी, अख्खं ताटलीत आलं.

ताटली टेबलावर टेकायच्या आधीच मला वास आला. मच्छीचा नाही, मच्छी गेल्याचा. मसाला, लिंबू, कोथिंबीर, सगळ्याच्या वर तो वास होता. मी खुर्ची मागं सरकवली. साहेबांनी मात्र बोटानं मांस दाबून पाहिलं, धागा ओढला, म्हणाले, "खरं पापलेट हाय. जराक मऊ हाय, पण चालते." आणि घास तोंडाकडे नेला.

मी त्यांचा हात धरला. इतक्या वर्षांत साहेबांना मी हात लावला नव्हता.

"साहेब, वास येऊन राह्यला."

त्यांनी हातातल्या घासाकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं, आणि हळू आवाजात विचारलं, "लय येते का?"

तेव्हा मला समजलं. रोजच्या डब्याची उलटतपासणी, चहाची, बिर्याणीची, सगळंच एकदम समजलं. त्यांनी घास ताटलीत ठेवला, हात पुसले आणि सांगितलं की आठ वर्षं झाली. एका हंगामात मोठा ताप आला, नाक चोंदलं, आणि नंतर ते उघडलंच नाही. कापसाचा बारीक कचरा वर्षानुवर्षं नाकात गेला होता, त्यानंही झालं असेल. आधी कढीपत्ता गेला. मग कांदा. मग एक दिवस हातावर रॉकेल सांडलं आणि त्याचाही वास आला नाही, तेव्हा कळलं की आता काही उरलं नाही. जिभेवर खारट, गोड एवढं अंधुक कळायचं, पुढं तेही पुसट झालं. त्यांनी कुणालाच सांगितलं नाही. ग्रेडरचं नाक गेलं हे कळलं तर लोक त्याच्या बोटांवरही भरवसा ठेवणार नाहीत, असं त्यांना वाटत होतं. आधीच प्रत सांगितली की लोक अंगावर येत होते.

"भाभींना?" मी विचारलं.

"तिले सांगू नको," ते म्हणाले. एवढंच.

त्यांनी मॅनेजरला बोलावलं, ताटली परत दिली आणि त्या रात्री आम्ही लॉजवर केळी खाऊन झोपलो. मला वाटलं होतं की दौरा संपला. पण सकाळी मी उठलो तेव्हा साहेब दाढी करून, पिशवी घेऊन दारात उभे होते. वणीची गाडी सातची होती.

वणीला माझी मोठी बहीण राहते. तिचा नवरा, म्हणजे माझे दुल्हाभाई, ट्रकांचे गॅरेजवाले. साहेबांच्या यादीतलं वणीचं हॉटेल दोन महिन्यांपूर्वी बंद पडलं होतं. साहेब दुल्हाभाईंच्या अंगणात बाजेवर बसून राहिले. उठेनात. जिल्ह्यात कुठं तरी असेलच, म्हणाले. दुल्हाभाईंनी डोकं खाजवलं आणि सांगितलं की राजूरच्या रस्त्याला एका अम्मांची खानावळ आहे. पाटी वगैरे नाही. कोळशाचे ट्रकवाले जेवतात.

लक्ष्मीअम्मा आंध्रच्या किनाऱ्यावरच्या. त्यांचा नवरा खाणीत कामाला लागला, म्हणून त्या इकडे आल्या. चार टेबलं होती, आणि त्यांवर कोळशाची धूळ इतकी बसायची की अम्मांच्या हातात फडकं कायम असायचं. त्यांच्या गावाकडून बर्फात घातलेल्या मच्छीच्या पेट्या आठवड्यातून दोनदा रेल्वेनं यायच्या. त्या दिवशी पेटी आलेली होती. साहेबांनी आत येऊ का विचारलं. अम्मांना मराठी येत नव्हती, पण हा माणूस कशाला आलाय ते त्यांना बरोबर कळलं. त्यांनी स्वतःच बांगडा उचलून त्याचा कल्ला उघडून दाखवला. आतून लाल. साहेबांनी दाबून पाहिलं, बोट काढल्यावर मांस वर आलं. त्यांचा चेहरा मी हंगामाच्या पहिल्या कापसाच्या वेळी पाहिला होता, तसा झाला.

चिंचेच्या आंबट रश्शात बांगडा आणि भात आला. मी घास घेतला. साहेब कोपरं टेकून वाट पाहत होते. मी सांगायला लागलो. आधी आंबट, मग तिखट, आणि मग खाली कुठं तरी एक गोडसर, तेलकट असं काही, त्याला शब्द नव्हता माझ्याजवळ. मी पुन्हा घास घेतला, पुन्हा सांगायला गेलो, पुन्हा अडकलो. दिग्रसचा माणूस मी, समुद्र मी नकाशातच पाहिलेला.

"ग्रेड सांग," साहेब म्हणाले.

"मले नाही देता येत, साहेब. भाभीले आणा."

साहेबांनी ताट जवळ ओढलं. मग त्यांनी जेवायला सुरुवात केली. काहीच लागत नसलेलं ते जेवण त्यांनी पूर्ण संपवलं.

पुढच्या शनिवारी आम्ही तिघं वणीच्या गाडीत होतो. फिरायला जाऊ, रफीकच्या बहिणीकडे मुक्काम करू, एवढंच त्यांनी भाभींना सांगितलं होतं. भाभींनी काहून, कशाला, असं काही विचारलं नाही. लग्नकार्य किंवा मयत यांच्याशिवाय दोघं बरोबर प्रवासाला निघाल्याचं मला आठवत नव्हतं, आणि त्यांनाही आठवत नसावं, कारण दोघंही अवघडून बसली होती. खिडकीबाहेर कापूस फुटलेली शेतं होती. बाया ओळीनं वेचत होत्या. साहेब दर शेताला पुटपुटत प्रत सांगत होते, धावत्या गाडीतून. भाभी पदर सावरून बाहेर पाहत होत्या. मध्येच मला म्हणाल्या की रफीकभाई, हे गेल्या वर्षी माझ्याशी जितके शब्द बोलले असतील, त्याहून जास्त आज त्या शेतांशी बोलले.

रविवारी दुपारी आम्ही अम्मांकडे गेलो. पेटी आलेली होती. तेच टेबल, तोच बांगडा. दारातच भाभींनी श्वास आत घेतला आणि त्यांची पावलं थांबली. साहेबांनी ते पाहिलं आणि माझ्याकडे विजयी नजरेनं बघितलं.

भाभींनी पहिला घास घेतला. हळू चावला. काटा बोटानं अलगद बाजूला काढला, मी इतका वेळ त्या काट्यांशी झटत होतो, त्यांनी एका बोटात काम केलं. दुसरा घास घेतला. साहेब पुढं झुकले होते.

"कसं लागून राह्यलं?"

"चांगलं आहे," भाभी म्हणाल्या.

"चांगलं हा ग्रेड..."

"अहो," भाभींनी त्यांना मध्येच थांबवलं, "तुम्हाला वास येत नाही त्याला किती वर्षं झाली?"

साहेबांचा वर गेलेला हात टेबलावर आला. मी उठून हात धुवायला जाऊ लागलो, तर भाभींनी मला बसा म्हणून सांगितलं. त्यांचा आवाज चढलेला नव्हता. त्यांनी सांगितलं की सात वर्षांपूर्वी एकदा त्या शेजारी गेल्या होत्या, शेगडीवर दूध होतं. परत आल्या तर दूध जळून पातेलं काळं पडलेलं, घरभर धूर, आणि साहेब शेगडीपासून दोन हातांवर पेपर वाचत बसलेले. तेव्हा शंका आली. मग त्यांनी पारखून पाहिलं. तीन दिवस वरणात मीठ घातलं नाही. तिन्ही दिवस साहेब झकास म्हणाले. चौथ्या दिवशी मूठभर घातलं. तरी झकास.

"मी वाट पाहत होते, तुम्ही सांगाल म्हणून. आज सांगाल, उद्या सांगाल. मग मी वाट पाहायचं सोडलं. कुणासाठी रांधायचं आणि कुणाशी बोलायचं? मी मच्छीसाठी नव्हते जात. तुम्हाला काय वाटलं, मी बांगड्यासाठी घर सोडेन?"

साहेबांना नेमकं तसंच वाटलं होतं. पेपर नव्हता, त्यामुळे चेहरा लपवायला जागा नव्हती. मग म्हणाले, "दिवसभर लोक म्हणतात का तुह्यात खोट हाय. घरी येऊन मीच सांगू का, हो, हाय म्हणून?"

भाभींनी अम्मांना खूण करून आणखी एक वाटी रस्सा मागवला, साहेबांच्या भातावर ओतला, एक बांगडा त्यांच्या ताटात ठेवला आणि त्यातला मोठा काटा काढून टाकला. मग सांगायला लागल्या. हा आमच्यासारखा नाही, म्हणाल्या. आमच्याकडे आंबटाला कोकम, यांनी चिंच घातली आहे, त्यामुळे आंबट जरा जाड लागतं, जिभेच्या मागं राहतं. आमच्याकडे खोबरं वाटून घालतात, यात खोबरं नाही, मिरची उघडी लागते. कढीपत्ता भरपूर आहे. मासा मात्र गोड आहे. पोटाकडचा तुकडा खा, तिथं तेल असतं. ते तेल रश्शात उतरलं की अशी चव येते, लहानपणी होडी लागली की बाबा भिजलेल्या कपड्यांनीच घरात यायचे आणि आई चुलीवर पातेलं ठेवायची, घराला वास लागायचा तो हा.

साहेबांनी पोटाकडचा तुकडा घेतला. चावत होते, ऐकत होते. एकदाही ग्रेड विचारला नाही. शेजारच्या टेबलावरच्या दोन ट्रकवाल्यांनी आपला चाललेला वाद थांबवला होता, आणि भाभी बोलत होत्या. इतकं बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं.

दिवाळीनंतर भाभी भावाकडे गेल्याच. ठरलं ते ठरलं, भाऊ वाट पाहत होता. पण जाताना सामानात दोनच लुगडी होती, आणि पंधरा दिवसांनंतरचं परतीचं तिकीट साहेबांनी स्वतः जाऊन काढून आणलं होतं. तोवर खरेदी सुरू झाली होती. गाड्यांची रांग पुन्हा फाटकाबाहेर गेली, शिव्याही पुन्हा सुरू झाल्या. साहेब पूर्वीसारखेच ओला तो ओला म्हणून सांगत होते. फरक एवढाच की काम संपलं की घाईनं घरी जायचे. मला बरोबर चालणं जमेना.

भाभी परतायच्या आधी एकदा केंद्रावरचा मोठा काटा अडकला, म्हणून उद्याची खरेदी उशिरा सुरू करायची का, हे मला त्यांना विचारायचं होतं. संध्याकाळी सातच्या सुमाराला त्यांच्या घरी गेलो. दार उघडं होतं. साहेब फोनच्या तिपाईशी पाट मांडून बसले होते. समोर ताटात स्वतः शिजवलेली खिचडी, बहुतेक अळणी. फोन कानाला खांद्यानं दाबून धरलेला. पलीकडून भाभींचा आवाज बारीक ऐकू येत होता, न थांबता चाललेला. साहेब एक घास घ्यायचे, ऐकायचे, मान हलवायचे, मग दुसरा घास.

मला पाहून त्यांनी फोनवर तळहात ठेवला.

"बस रफीक," ते हळूच म्हणाले. "आज घरी कोलंबी केली हाय. आता कुठं फोडणी पडली."